लेव्हल्स आणि क्लिपिंग : छायाचित्रातील छटा राखण्याचा एक अभ्यास

दर वर्षी वार्षिकाच्या चित्रविभागासाठी विद्यार्थी आपापल्या कलाकृतींची छायाचित्रे माझ्याकडे आणून देतात. त्यांत दोन प्रकार हमखास आढळतात. पहिल्या प्रकारात पांढरा कागद राखेसारखा करडा दिसतो, कोळशाचा काळा रंग पाटीसारखा फिका पडतो आणि सारे चित्र धुक्यातून पाहिल्यासारखे भासते. दुसऱ्या प्रकारात हाच दोष घालवण्याचा अतिउत्साह दिसतो. कागद दुधासारखा शुभ्र, काळे कुळकुळीत, आणि या दोहोंच्या मध्ये ज्या नाजूक छटांसाठी विद्यार्थ्याने दोन दोन आठवडे कष्ट केले, त्या पार नाहीशा झालेल्या असतात. पहिल्या प्रकारचे छायाचित्र पाच मिनिटांत दुरुस्त होते. दुसऱ्या प्रकारचे मात्र होत नाही, कारण गेलेली छटा त्या फाइलीत कुठेच शिल्लक उरलेली नसते. मूळ चित्र पुन्हा टिपणे एवढाच उपाय राहतो, आणि मूळ चित्र तोवर विकले गेले किंवा खराब झाले असेल तर तोही नाही.

फोटोशॉपमधील ‘लेव्हल्स’ ही सोय आणि ती वापरताना छटांची छाटणी डोळ्यांना दाखवणारी एक साधी युक्ती यांची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. विषय थोडा तांत्रिक आहे. पण ज्याला पेन्सिलीच्या एच आणि बी यांतला फरक कळतो, त्याला यातले काहीही अवघड वाटू नये.

१. आलेख काय सांगतो

संगणक छायाचित्राकडे चित्र म्हणून पाहत नाही. त्याच्या दृष्टीने ते लहान लहान चौकोनांचे कोष्टक असते आणि प्रत्येक चौकोनाला आकडे दिलेले असतात. नेहमीच्या ८ बिटांच्या कृष्णधवल चित्रात प्रत्येक चौकोनाला ० ते २५५ यांपैकी एक आकडा मिळतो. ० म्हणजे निखळ काळा, २५५ म्हणजे निखळ पांढरा आणि मधल्या २५४ पायऱ्या म्हणजे करड्याच्या छटा. रंगीत चित्रात लाल, हिरवा व निळा असे तीन स्वतंत्र थर असतात आणि प्रत्येक थराची अशीच ० ते २५५ ही मोजपट्टी असते.

लेव्हल्सची चौकट उघडली की डोंगररांगेसारखा एक आलेख दिसतो. त्यालाच हिस्टोग्राम म्हणतात. डाव्या टोकाला काळा, उजव्या टोकाला पांढरा. आणि ज्या छटेचे चौकोन चित्रात जास्त, त्या जागी डोंगर उंच. धुरकट छायाचित्राचा आलेख पाहिला तर डोंगर मध्यावर गोळा झालेला आणि दोन्ही बाजूंना सपाट माळ पसरलेला दिसतो. म्हणजे त्या चित्रात खरा काळाही नाही आणि खरा पांढराही नाही. ‘फोटो मळकट आला आहे’ असे आपण म्हणतो, त्याचे कारण बहुधा या मोकळ्या माळावर असते.

२. तीन खुणा

आलेखाच्या खाली तीन लहान त्रिकोणी खुणा असतात. डावीकडची काळी, उजवीकडची पांढरी आणि मधली करडी. काळी खूण आपण ज्या आकड्यावर नेऊन ठेवू, तो आकडा ० होतो. पांढरी जिथे ठेवू, तो २५५ होतो. आणि दोहोंच्या मधले सारे आकडे त्या प्रमाणात ताणले जातात.

एक उदाहरण घेऊ. काळी खूण २० वर आणि पांढरी २३५ वर ठेवली, तर मधल्या २१५ च्या अंतराचे २५५ करायचे आहेत. मूळचा ६० हा आकडा आता (६० − २०) ÷ २१५ × २५५, म्हणजे सुमारे ४७ होईल. मूळचा २०० आता सुमारे २१३ होईल, आणि मधला १२८ जवळपास जागच्या जागी राहील. गडद छटा अधिक गडद, उजळ छटा अधिक उजळ. चित्राला उठाव येतो तो असा.

मधली करडी खूण वेगळ्या स्वभावाची आहे. ती टोकांना धक्का लावत नाही. ० चा ० राहतो, २५५ चा २५५ राहतो, फक्त मधल्या छटा वर किंवा खाली सरकतात. या खुणेचा आकडा १.०० पासून सुरू होतो. तो १.२० केला तर १२८ चा सुमारे १४४ होतो. म्हणून चित्र नुसते उजळायचे असेल, तर पांढरी खूण आत ओढण्याऐवजी करडी खूण हलवावी. पुष्कळ विद्यार्थी नेमके याच्या उलट करतात आणि मग उजळ भागातील तपशील त्यांच्या हातून निसटतो.

३. छाटणी म्हणजे काय

वरच्याच उदाहरणात मूळच्या २३६, २४५ आणि २५० या छटांचे काय झाले? त्या पांढऱ्या खुणेच्या पलीकडे राहिल्या. त्यांना २५५ च्या पुढे जागा नाही, म्हणून तिन्ही २५५ झाल्या. पूर्वी त्या तीन निरनिराळ्या छटा होत्या. आता एकच सपाट पांढरा आहे. २० च्या खालच्या साऱ्या छटांचेही असेच झाले. त्या सगळ्या काळ्यात बुडाल्या. यालाच क्लिपिंग म्हणतात. आपण तिला छाटणी म्हणू.

अंधारखोलीत काम केलेल्यांना हा अनुभव नवा नाही. कठीण ग्रेडच्या कागदावर निगेटिव्ह छापली की चित्र झणझणीत उठते, पण ढगांमधला तपशील कोऱ्या कागदात आणि केसांमधला तपशील काळ्यात जातो. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास जी ‘झोन’ पद्धत बसवली, तिच्यामागे हीच काळजी होती. त्यांनी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अकरा पायऱ्या मानल्या, ० ते १०. छायेतला पोत तिसऱ्या पायरीवर आणि उजेडातला पोत सातव्या पायरीवर स्पष्ट दिसला पाहिजे, टोकाच्या पायऱ्यांवर मात्र पोताची अपेक्षा धरू नये, असा त्यांचा हिशेब होता. त्यांच्याजवळ प्रकाशमापक आणि अनुभव होता. आपल्याजवळ त्याहून सोपे एक साधन आहे.

४. आल्ट कळ

लेव्हल्सची चौकट उघडी असताना की-बोर्डवरील आल्ट कळ दाबून धरावी (मॅक संगणकावर ऑप्शन कळ) आणि मग पांढरी खूण माऊसने पकडावी. चित्र नाहीसे होऊन सारा पडदा काळा होतो. घाबरण्याचे कारण नाही. आता खूण हळूहळू डावीकडे सरकवा. काळ्या पडद्यावर कुठेतरी एखादा ठिपका चमकेल, मग दुसरा, मग एखादी पट्टी. जे जे उजळून दिसते, ते ते त्या क्षणी छाटले जात आहे. काळी खूण अशीच पकडली तर उलटे होते. पडदा पांढरा होतो आणि काळ्यात बुडणारे भाग त्यावर काळे किंवा रंगीत दिसू लागतात.

या युक्तीचे महत्त्व दोन कारणांनी आहे. पहिले असे की, ती आपल्या डोळ्यांवर आणि पडद्याच्या उजेडावर अवलंबून नाही. एकाच खोलीतल्या दोन संगणकांचे पडदे सारखे नसतात. खिडकीतून ऊन आले की आपल्याला छायेतला तपशील दिसेनासा होतो. रात्री तेच चित्र जास्त उजळ वाटते. छाटणीचे हे दर्शन मात्र आकड्यांवर चालते. दुसरे कारण असे की, आलेख फक्त ‘किती’ ते सांगतो, ‘कुठे’ ते सांगत नाही. उजव्या टोकाला पाचशे चौकोन छाटले गेले हे आलेखावरून कळेल; पण ते पाचशे चौकोन आकाशात आहेत की चेहऱ्यावर, हे आल्ट कळ दाबल्यावरच कळते.

आणखी एक उपयोग सांगून ठेवतो. खूण मुळीच न हलवता, ती २५५ वर असतानाच आल्ट दाबून पकडून पाहावी. त्या वेळी जे ठिपके दिसतील, ते आपण छाटलेले नव्हेत. ते छायाचित्र टिपतानाच जळालेले आहेत. लेव्हल्स त्यांना परत आणू शकत नाही. ही तपासणी आधी केली म्हणजे पुढचा कितीतरी वृथा खटाटोप वाचतो.

लाइटरूममध्येही ‘व्हाइट्स’ आणि ‘ब्लॅक्स’ या पट्ट्या आल्ट दाबून सरकवल्या तर असेच दिसते. गिम्प या मोफत प्रणालीत लेव्हल्स आहेच. छाटणी पाहण्यासाठी तिथे ‘डिस्प्ले फिल्टर्स’मध्ये ‘क्लिप वॉर्निंग’ हा पर्याय दिलेला आहे. एक मर्यादाही लक्षात असू द्यावी. छपाईसाठी चित्र सीएमवायके पद्धतीत बदलल्यावर फोटोशॉपमध्ये हे दर्शन मिळत नाही. म्हणून हे काम आधी आरजीबीत उरकून घ्यावे.

५. रंगांची भाषा

रंगीत छायाचित्रात हे ठिपके पांढरे-काळे न दिसता बहुधा रंगीत दिसतात, आणि विद्यार्थी तिथे गोंधळतात. नियम साधा आहे. पांढरी खूण ओढताना ठिपका लाल दिसला तर फक्त लाल थर २५५ ला पोचला आहे. पिवळा दिसला तर लाल आणि हिरवा दोन्ही पोचले. पांढरा दिसला तर तिन्ही.

दसऱ्याच्या सुमारास झेंडूच्या राशीचे छायाचित्र घेऊन हे अवश्य करून पाहा. आलेखात सारे आलबेल दिसते, चित्रही फार उजळ वाटत नाही. पण आल्ट दाबून पांढरी खूण किंचित हलवताच नारिंगी फुलांच्या जागी लाल डाग पसरतात. झेंडूच्या नारिंगीत लाल थर आधीच शिगोशीग भरलेला असतो. तो छाटला गेला की पाकळ्यांच्या चुण्या पुसट होतात आणि फूल रंगीत कागदाच्या गोळ्यासारखे दिसू लागते. जास्वंद, कुंकू, लाल शालू यांचेही तेच.

काळ्या खुणेच्या बाजूला हीच भाषा उलटी वाचायची असते. तिथे पडदा पांढरा असतो आणि जो थर शून्याला गेला तो वजा होतो. लाल थर संपला तर ठिपका आकाशी-हिरवट दिसतो. निळा संपला तर पिवळा. तिन्ही संपले तर काळा. म्हणजे पिवळा ठिपका पांढऱ्या खुणेखाली दिसला तर ‘लाल आणि हिरवा भरून वाहिले’, आणि काळ्या खुणेखाली दिसला तर ‘निळा आटला’. हळदीच्या ढिगाच्या छायाचित्रात या दोन्ही गोष्टी एकाच जागी पाहायला मिळू शकतात.

६. एका जुन्या छायाचित्राचे उदाहरण

आमच्या घरी आजीचे, म्हणजे आईच्या आईचे, एकच छायाचित्र आहे. चुन्याने रंगवलेल्या भिंतीपुढे ती उभी आहे, अंगावर फिकट चौकड्यांचे नऊवारी लुगडे. प्रिंट काळाच्या ओघात उडाली आहे. काही वर्षांपूर्वी नातेवाइकांपैकी कुणीतरी ते एका दुकानातून ‘नवे’ करून आणले. चेहरा स्वच्छ, भिंत पांढरीशुभ्र. पण लुगडे भिंतीत विरघळून गेले होते. मावशीने ती प्रत हातात घेतली, जरा वेळ पाहिली आणि म्हणाली, “ही आई नव्हे. आईचं नुसतं तोंड आहे. तिचं चौकड्यांचं लुगडं कुठं गेलं?”

मी मूळ प्रिंट मागून घेतली आणि १६ बिटांत स्कॅन केली. कडेचा पिवळट पडलेला कोरा कागद आधी कापून टाकला, कारण तो ठेवला असता तर आलेखात आणि छाटणीच्या दर्शनात त्याचीच लुडबुड झाली असती. उरलेल्या चित्राचा डोंगर साधारण ६२ पासून २१४ पर्यंत होता. पांढरी खूण आल्ट दाबून आत आणू लागलो. २१४ पर्यंत पडदा स्वच्छ काळा राहिला. २१० वर भिंतीवर ठिपके उमटले. २०५ वर त्या ठिपक्यांत पदराची एक घडी दिसू लागली. म्हणजे याच्या आत जाणे म्हणजे लुगड्याला हात लावणे. मी खूण २१२ वर ठेवली आणि काळी खूण ६४ वर.

आता आकडे पाहा. लुगड्याची एक घडी मूळ स्कॅनमध्ये १९६ होती आणि शेजारची २०४; फरक आठांचा, डोळ्याला जेमतेम जाणवणारा. नव्या मांडणीत त्या सुमारे २२७ आणि २४१ झाल्या, फरक चौदांचा. चौकड्या पुसल्या तर गेल्या नाहीतच, उलट मूळ प्रिंटपेक्षा अधिक स्पष्ट झाल्या. चेहऱ्याची छटा १४० वरून १३१ वर उतरून किंचित काळवंडली होती. करडी खूण १.१० केल्यावर ती १३९ वर आली. दुकानात कोणता आकडा वापरला गेला हे सांगता येणार नाही. पण माझ्या स्कॅनमध्ये पांढरी खूण १८५ वर नेली की १९६ आणि २०४ दोन्ही २५५ होतात, आणि चित्र हुबेहूब त्या प्रतीसारखे दिसते.

चित्र तेच, प्रणालीही बहुधा तीच. सत्तावीस आकड्यांच्या अंतरात एका बाईचे लुगडे राहिले किंवा गेले. मावशीने नवी प्रत पाहून काही म्हटले नाही. तिने ती देवघराशेजारी लावली.

७. कोणती छाटणी चालते

यावरून कुणी असा अर्थ काढू नये की, एकही ठिपका दिसता कामा नये. तसे केले तर काही चित्रे कायमची मळकटच राहतील. समईच्या पितळेवरची चमक, नथीतल्या मोत्यावरचा उजेडाचा बिंदू, पाण्यावर पडलेले ऊन, चित्रात दिसणारा दिवा. यांच्यात तपशील असतच नाही. ते खुशाल २५५ होऊ द्यावेत. तसेच अर्धवट उघड्या दारामागचा मिट्ट काळोख ० झाला तरी बिघडत नाही. उलट त्याच्यामुळे बाकीच्या छायांना खोली येते.

म्हणून प्रश्न ठिपक्यांच्या संख्येचा नसून जागेचा आहे. ठिपका दिसला की विचारावे : इथे मुळात काही होते का? पांढऱ्या सदऱ्याची वीण होती, कागदाचा दाणा होता, पेन्सिलीची अखेरची फिकी रेघ होती, काळ्या केसांतली बट होती, तर खूण मागे घ्यावी. काही नव्हते, तर पुढे जावे. हा निर्णय यंत्राला करता येत नाही. लेव्हल्समध्ये ‘ऑटो’ असे एक बटण आहे. ते दोन्ही टोके आपोआप आत ओढते. पण सदरा आणि समई यांतला भेद त्याच्या हिशेबात नसतो.

धुक्यातले, पावसातले किंवा पहाटेचे छायाचित्र तर या साऱ्या नियमाला अपवादच आहे. तिथे निखळ काळा आणि निखळ पांढरा नसणे हेच चित्राचे सत्य असते. आलेखाच्या दोन्ही बाजूंना माळ दिसला म्हणून खुणा आत ओढल्या, तर धुकेच उडून जाईल.

८. कामाचा क्रम

विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी क्रम थोडक्यात देतो.

(१) मूळ फाइल कधीही बदलू नये. लेव्हल्स स्वतंत्र ‘अ‍ॅडजस्टमेंट लेयर’वर करावी, म्हणजे पुढे केव्हाही खुणा मागे घेता येतात.

(२) शक्य तेथे १६ बिटांत काम करावे. ८ बिटांत २० ते २३५ या २१६ पायऱ्या ताणून २५६ केल्या तर मध्ये ४० पायऱ्या रिकाम्या राहतात. आलेख फणीच्या दातांसारखा दिसू लागतो आणि आकाशासारख्या सपाट भागात पट्टे उमटण्याचा संभव असतो. १६ बिटांत पायऱ्या इतक्या अधिक असतात की ही उणीव जाणवत नाही.

(३) कडेचा कागद, स्कॅनरची पाटी, चित्राची चौकट कापून टाकावी.

(४) खुणा न हलवता आल्ट दाबून आधीचे नुकसान तपासावे.

(५) पांढरी खूण, मग काळी खूण. दोन्ही आल्ट दाबून. ठिपके दिसू लागताच थांबून त्यांची जागा पाहावी. महत्त्वाचा भाग शंभर टक्के मोठा करून पाहावा. लहान करून पाहिलेल्या चित्रात बारीक ठिपके लपतात.

(६) शेवटी करडी खूण, डोळ्याने.

(७) जुनी रंगीत छायाचित्रे तांबूस झालेली असतात. १९७०-८० च्या काळातल्या बऱ्याच रंगीत प्रिंटांत आकाशी रंगद्रव्य आधी उडते, म्हणून तसे होते. अशा वेळी लाल, हिरवा, निळा हे थर एकेक निवडून प्रत्येकाच्या खुणा त्याच्या त्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, पण आल्टच्या साक्षीने, न्याव्यात. तांबूसपणा पुष्कळसा उतरतो.

(८) छपाईसाठी चौकटीतील खालची ‘आउटपुट’ पट्टी लक्षात ठेवावी. २५५ म्हणजे छपाईत शाईचा एकही ठिपका नाही, नुसता कोरा कागद. चित्रातील कागदाचा दाणा छापून यावा असे वाटत असेल, तर पांढऱ्याचे टोक २४५ च्या आसपास आणावे. काळ्याचे टोकही थोडे वर घ्यावे, कारण कागदावर शाई पसरते आणि छाया अपेक्षेहून गडद येतात.

आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती मोठ्या कष्टाने केल्या. त्यांतल्या पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनला लागलेल्या आगीत जळाल्या. त्यापूर्वी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसमधील आगीत गेल्या होत्या. दरम्यान लेण्यांतील मूळ रंगही झिजतच राहिले. ज्या प्रतिकृती वाचल्या, त्यांच्याकडे अभ्यासक आज वळतात, कारण मूळ भिंतीवर आता न दिसणारे काही त्यांत टिकून आहे. प्रत करणाऱ्याने त्या वेळी एखादी फिकी रेघ ‘नकोशी’ म्हणून सोडली असती, तर ती कायमची गेली असती.

तुम्ही आज चित्राचे किंवा घरच्या जुन्या फोटोचे छायाचित्र दुरुस्त करता, तेव्हा तुम्हीही प्रतच करीत असता. आज मूळ वस्तू समोर आहे म्हणून तिचे मोल वाटत नाही. वीस वर्षांनी कदाचित तुमची फाइलच तेवढी उरलेली असेल. तेव्हा पांढरी खूण ओढण्यापूर्वी आल्ट कळ दाबण्याची सवय लावून घ्या. पुढच्या वर्षी वार्षिकासाठी येणाऱ्या छायाचित्रांत कोळशाची शेवटची फिकी रेघ कागदावर शाबूत दिसली, तर हा लेख उपयोगी पडला असे मी समजेन.